मोटारीच्या स्प्रिंगा आणि तंबोऱ्याच्या तारा

केरी म्हटले की आम्हा गाण्याबजावण्याच्या माणसांना प्रथम सूरश्री केसरबाई केरकर आठवतात. परंतु त्यांचे केरी फोंडा तालुक्यातले. मी आज लिहितो आहे ते पेडणे तालुक्यातल्या केरीविषयी, तेरेखोलची नदी जेथे समुद्राला मिळते त्या गावाविषयी. आणि विषय गाण्याचा नसून मोटारीच्या पुढच्या स्प्रिंगांचा आहे. सांस्कृतिक पानावर स्प्रिंगांचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु ज्या कोल्हापुरात अल्लादियाखाँसाहेबांची गायकी आणि उद्यमनगरातल्या मिस्त्रींची कारागिरी या दोन्ही गोष्टी सारख्याच अभिमानाने सांगितल्या जातात, तेथे तरी हा प्रश्न फार वेळ टिकू नये.

माझा एक जुना विद्यार्थी त्या केरीत राहतो. त्याच्या घरी आजोबांच्या वेळची आठ सिलिंडरांची शेवरोले इंपाला आहे. डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज अमदानी होती आणि परदेशी गाड्या तेथे सहज येत, त्यांपैकीच ही एक. अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत पहिलवान मोटारी, त्यांचा जमाना साधारणपणे १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून मोजतात. इंपाला ही त्या पहिलवानांची थोरली बहीण म्हणावी.

आता या बहिणीने मान टाकली आहे. “मास्तर, गाडी फुडल्यान बसली,” असे त्याने मला कळवले. केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीवर चढताना तिची हनुवटी धक्क्याला घासते. पलीकडे रेडीच्या गणपतीला सारे कुटुंब याच गाडीतून जाते, म्हणून त्याला घोर लागला. सल्ले तीन आले. एकाने सांगितले, जाड तारेच्या ‘हेवी ड्यूटी’ स्प्रिंगा घाल. दुसरा म्हणाला, वेटोळ्यांत रबरी बफर कोंब. तिसऱ्याने तर स्प्रिंगा कापून गाडी आणखी खाली बसव आणि प्रदर्शनाला ने, म्हणजे नाव होईल, असे सुचवले. माझे वडील दरबारी गवयी. तंबोऱ्याइतकाच त्यांना दरबारच्या मोटारखान्याचा नाद होता आणि तो माझ्यातही उतरला आहे, हे ठाऊक असल्याने त्याने चौथा सल्ला मला विचारला.

माझ्या मते तिन्ही सल्ले एकाच गैरसमजातून निघाले आहेत. गाडी बसली म्हणजे स्प्रिंग मऊ झाली, असे लोक धरून चालतात. वास्तविक उंची आणि कडकपणा हे स्प्रिंगचे दोन निरनिराळे गुण आहेत. वर्षानुवर्षे भार सोसून पोलाद दबते आणि स्प्रिंगची उंची जाते. कडकपणा बहुतेक तेवढाच राहतो. तंबोऱ्याचा सूर उतरला तर आपण खुंटी पिळतो, तार बदलून दुप्पट जाडीची घालीत नाही. उंची गेली असेल तर गेलेली उंची परत आणावी. कडकपणा वाढवणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

कडकपणाचे गणितही मोठे निष्ठुर आहे. तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार १० टक्क्यांनी जाड घेतली की स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते! उलट खाऱ्या वाऱ्याने गंजून तार ५ टक्के झिजली तर कडकपणा १८ टक्क्यांहून अधिक घटतो. म्हणून समुद्रकाठच्या गाडीची स्प्रिंग प्रथम गंजासाठी आणि बारीक चिरांसाठी पाहावी. मापे मागून घ्यावीत. कापण्याचेही तसेच. आठ वेटोळ्यांतले एक छाटले तर उरलेली स्प्रिंग १४ टक्के कडक होते, शिवाय तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही. ज्योतीने तापवून खाली बसवणे तर त्याहून वाईट, कारण पोलादाचे पाणीच उतरते.

आणि गाडीला लय असते, हे कवित्व नव्हे. जुन्या अमेरिकन गाड्यांचा पुढचा भाग सेकंदाला साधारण एक झोका घेईल असा बांधलेला असे. मॉरिस ऑली नावाचा इंजिनियर रोल्स-रॉइस सोडून १९३० साली कॅडिलॅकमध्ये गेला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असाव्यात, म्हणजे खड्ड्यावरून जाताना मागचा झोका पुढच्याला गाठतो आणि गाडी डोलत न राहता सपाट चालते, हे त्याने दाखवून दिले. पुढे पहिलवानी स्प्रिंगा घातल्या की ही जोडी फुटते. तबला एका पट्टीत आणि तंबोरा दुसऱ्या, अशी बैठक कोण ऐकील?

मग निवड कशी करावी? आधी गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि केवळ पुढची चाके काट्यावर घेऊन नाकाचा भार मोजावा. आपल्याकडे अशा अनेक गाड्यांचे मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवलेले असते. तेव्हा कारखान्याचा आकडा डोळे मिटून घेण्यात अर्थ नाही. कारखानासुद्धा इंजिनाच्या आणि सरंजामाच्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या स्प्रिंगा देत असे. त्या भाराला मूळची उंची आणि मूळची लय देईल तीच स्प्रिंग आपली. दोन्ही बाजूंची एकदमच बदलावी, जुने शॉक ॲब्सॉर्बर तपासावेत आणि शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर कोंडलेला असतो. ती योग्य अवजाराखेरीज कोणी सोडवू नये.

परदेशी जोडी परवडत नसेल तर माप, तारेची जाडी आणि वेटोळी कागदावर लिहून जाणत्या कारागिराकडे जावे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला आनंद झाला. तो सन्मान मापाने काम करणाऱ्या हातांचा आहे. भट्टीत तार वळवून तिला नेमके पाणी देणाऱ्याचे हातही त्याच जातीचे आहेत. परंतु गिऱ्हाईक केवळ “कडक द्या” एवढेच म्हणत राहिले तर मापाची विद्या कोणासाठी जतन करायची?

विजयादशमीला छत्रपतींची मेबॅक रस्त्यावर येते तेव्हा कोल्हापूरकर तिला पाहायला लोटतात, ते ती चालती आहे म्हणून. प्रदर्शनात दिमाखाने खाली बसलेली, पण स्वतःच्या गावच्या फेरीबोटीवर चढता न येणारी गाडी ही खुंटीला टांगलेल्या, तारा नसलेल्या तंबोऱ्यासारखी होय. पाहुण्यांना ती दाखवता येते. घरच्यांच्या उपयोगाची मात्र राहत नाही. माझ्या विद्यार्थ्याने नाव मिळवण्याआधी आपल्या माणसांना सुखरूप पलीकडे न्यावे. जुन्या वस्तूचा मान राखणे म्हणजे तिला तिच्या मूळ चालीने चालू देणे, असे माझे स्पष्ट मत आहे.