हत्तीवरून आलेला कळवळा

पाटणा जिल्ह्यातील बेलछी गावी मे १९७७ मध्ये अकरा माणसांना ठार करून जाळण्यात आले. त्यांतील आठ दलित होती. मार्चमध्येच सत्ता गमावलेल्या इंदिरा गांधी ऑगस्टच्या पावसात त्या गावाकडे निघाल्या. वाट चिखलात बुडालेली. अखेर हत्तीच्या पाठीवर बसून त्या तेथे पोचल्या आणि मृतांच्या आप्तांचे गाऱ्हाणे त्यांनी ऐकले. त्या स्वारीची वार्ता देशभर गाजली.

आम्ही त्या भेटीला ढोंग म्हणणार नाही. पुरातून तेथवर जाणे म्हणजे दिल्लीच्या दिवाणखान्यातून शोकपत्रक काढणे नव्हे! परंतु आपले दुःख ऐकण्यासाठी कोणी वाकडी वाट करून आला, की गांजलेला माणूस त्याला आपला मानतो. आणि एकदा आपला मानला, की त्याच्याकडे हिशेब मागण्यास जीभ रेटत नाही. राजकारणी पुरुषांना हे मर्म पुरते ठाऊक असते.

जानेवारी १९८० मध्ये इंदिराजी पुन्हा सत्तेवर आल्या. जनता पक्षातील भाऊबंदकीनेही त्यांची वाट मोकळी केली होती, हे खरे. पुढच्याच महिन्यात त्याच जिल्ह्यातील पिपरा गावी चौदा दलितांची हत्या झाली. बेलछीत कमावलेला विश्वास पिपऱ्याच्या कोणत्या कामी आला?

उलट, नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूर येथे आगगाडीला भीषण अपघात झाला, तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. पुढील वर्षी ते पुन्हा मंत्री झालेच ना, असे म्हणून कोणी नाक मुरडील. मुरडो बापडा! त्यांच्या शोकाची किंमत निदान त्यांनी स्वतः मोजली होती.

आम्हां सीमावासीयांना तर गहिवराची सवयच जडली आहे. १७ जानेवारी उजाडली, की १९५६ च्या हुतात्म्यांपुढे पुढाऱ्यांचे कंठ दाटतात. आमचेही डोळे भरतात आणि आम्ही घरोघर परततो. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. विधिमंडळाने एकमुखी ठराव केला तो २७ डिसेंबर २०२२ रोजी. तेव्हा येत्या हुतात्मादिनी जो कोणी हार घेऊन येईल, त्याला आम्ही व्यासपीठावरच विचारणार आहोत: महाराज, गेल्या वर्षभरात या दाव्यासाठी आपण दिल्लीच्या किती खेपा केल्या? वकिलांची बैठक शेवटची केव्हा घेतली? उत्तर मिळेतोवर हार मेजावरच राहील.