उद्योगांचे कौमारभृत्य

शासनाने उद्योगधंद्यांना हात द्यावा की नाही, हा वाद आपल्याकडे बहुधा अभिनिवेशाने घातला जातो. एका पक्षाच्या मते सरकारने राज्य करावे, व्यापारात पडू नये. दुसरा पक्ष अनुदान हा आपला जन्मसिद्ध हक्क मानतो. वैद्याला मात्र या प्रश्नाकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी सहज उपलब्ध आहे. सुश्रुतसंहितेत बालकाच्या क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद अशा अवस्था सांगितल्या आहेत : पहिल्या वर्षी दूध, दुसऱ्या वर्षी दूध व अन्न, त्यापुढे अन्न. दात न आलेल्या अर्भकापुढे भाकरी ठेवणे जितके अनुचित, तितकेच वाढत्या मुलाला केवळ दुधावर ठेवणेही अनुचित. नवोदित राष्ट्रातील कारखानदारीचा प्रश्न माझ्या मते याच जातीचा आहे.

हा विचार नवा नाही. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी डिसेंबर १७९१ मध्ये आपल्या संसदेला कारखानदारीविषयीचा अहवाल सादर केला, तेव्हा त्या राष्ट्राला स्वतंत्र होऊन अवघी पंधरा वर्षे झाली होती. ‘ज्यात फायदा असेल तो धंदा लोक आपण होऊन करतील’ या मताचे त्यांनी खंडन केले. जुन्या सवयी, अपयशाची भीती आणि परदेशी कारखानदारांना मुरलेल्या अनुभवाचा व त्यांच्या सरकारांच्या साहाय्याचा मिळणारा लाभ, यांमुळे भांडवल नव्या वाटेने जात नाही, हे त्यांचे निदान होते. म्हणून त्यांनी जकात व अनुदान सुचविले. परंतु जो धंदा स्थिरावून बराच काळ लोटला, त्याचे अनुदान चालू ठेवणे बहुधा शंकास्पदच, असेही त्याच अहवालात त्यांनी नमूद केले. हे दुसरे वाक्य अनुदान मागणारे सहसा वाचत नाहीत. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, इंग्लंडातील अर्थशास्त्राचे नियम भारताला जसेच्या तसे लागू होत नाहीत, असे प्रतिपादन केले. पण परकीय सत्तेकडून हे पोषण मिळणे शक्य नव्हते.

ते मिळाले स्वातंत्र्यानंतर, आणि त्याचे उत्तम उदाहरण पुण्याजवळच आहे. आयुर्वेदाच्या त्रैमासिकात पेनिसिलिनची कैफियत कशासाठी, असे कोणी विचारील. कारण पुढे येईलच. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य लाभले आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६१ मध्ये आयडीपीएल ही दुसरी सरकारी कंपनी निघाली; सोव्हिएत साहाय्याने तिचे ऋषिकेश व हैदराबाद येथे कारखाने उभे राहिले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावरील एकाधिकार काढून केवळ निर्मितीच्या पद्धतीपुरता ठेवला. या तिहेरी पोषणाचे फळ केवळ सरकारी कारखान्यांच्या ताळेबंदात शोधू नये. हैदराबादच्या आयडीपीएलमध्ये उमेदवारी केलेल्या कल्लम अंजी रेड्डी यांनी १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज उभी केली. ज्या एड्सवरील उपचाराला एका रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे, तो २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ३५० डॉलरला देऊ केला. शिकलेली माणसे आणि देशात मुरलेली विद्या, हेच अनुदानाचे खरे व्याज होय.

मग बिघडले कोठे? स्तन्यापनयनात. सरकारी कारखान्यांना दूध कधी तोडायचे हे कोणी ठरविलेच नव्हते. आयडीपीएल १९९२ मध्ये व हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९९७ मध्ये ‘आजारी’ घोषित झाली. उलट खाजगी किण्वन-कारखान्यांचे दूध एकाएकी तुटले. १९९० च्या दशकात आयातशुल्क उतरले, चीनमधून स्वस्त पेनिसिलिन-जी येऊ लागले आणि देशातील उत्पादन बंद पडत गेले. ज्या देशाने १९५५ मध्ये पेनिसिलिन बनविले, त्याला २०२० मध्ये मूळ औषधी द्रव्यांच्या उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर करावी लागली आणि काकीनाडा येथे पेनिसिलिन-जीचा कारखाना २०२४ मध्ये पुन्हा नव्याने सुरू करावा लागला. बालकाचे पोषण अर्ध्यावर सोडले की ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, आणि तेही अधिक खर्चाने.

आता आपल्याविषयी. पनवेलच्या धूतपापेश्वरने १८७२ पासून परकीय राजवटीत तग धरला, म्हणून आयुर्वेदीय औषधनिर्मितीला आधाराची गरज नाही, असा युक्तिवाद आपल्यातीलच काही ज्येष्ठ करतात. तो मला मान्य नाही. २००० मध्ये अनुसूची ‘टी’ने उत्तम निर्मितीपद्धतीचे नियम घातले. नियम योग्यच होते. स्वच्छ जागा, नोंदी, तपासणी यांना कोणता वैद्य विरोध करील? परंतु त्यांसाठी लागणारे भांडवल मोठ्या कंपनीजवळ असते, दोन खल व एक भट्टी घेऊन बसलेल्या रसशाळेजवळ नसते. स्वतःच्या रुग्णापुरते औषध करणाऱ्या वैद्याला सूट आहे खरी, पण जो तरुण पदवीधर गावात दहा माणसांना काम देऊन औषध विक्रीस आणू इच्छितो, त्याला मधली पायरीच नाही. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी आयुष औषधांची गुणवत्ता व उत्पादन यांच्या संवर्धनाची जी योजना आखली गेली, तिची तरतूद १२२ कोटी रुपये होती. दोन्ही उद्योगांचा आकार सारखा नाही हे मान्य करूनही प्रमाण डोळ्यांत भरते.

तथापि केवळ अधिक रक्कम मागणे मला अप्रशस्त वाटते. आकर्षक वेष्टनातील च्यवनप्राशाला सरकारी दुधाची आवश्यकता नाही. त्याला दात केव्हाच आले. आधार हवा आहे तो खऱ्या अशोकाची साल मिळण्यासाठी, कारण बाजारात तिच्या जागी आसुपालवाची साल सर्रास येते. औषधी वनस्पतींच्या लागवडीला हमीचा खरेदीदार, जिल्हानिहाय सामाईक तपासणी प्रयोगशाळा आणि लहान रसशाळांना एकत्र वापरता येतील अशी यंत्रे, एवढ्यावर शासनाने भर द्यावा. आणि प्रत्येक साहाय्यावर त्याच्या समाप्तीचे वर्ष छापलेले असावे. जो निर्माता आपले तपासणी-निष्कर्ष प्रसिद्ध करणार नाही, त्याचे साहाय्य त्या वर्षाआधीच थांबावे. आपल्या संघटनेने शासनाकडे निवेदन पाठविताना ही अट आपण होऊन घालावी, सरकारने ती लादण्याची वाट पाहू नये. काही निर्माते सभासद यावर नाराज होतील, याची मला कल्पना आहे.