कॅथलॅब चाकणला बनते, चाकणचे बाळ कुठे जाते?

चाकण औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यात, सावरदरीच्या हद्दीत, फिलिप्स कंपनीचे आरोग्य-उपकरणांचे केंद्र आहे. तिथे कॅथलॅबची यंत्रे तयार होतात. छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन उपचार करण्याची खोली म्हणजे कॅथलॅब. आता याच पट्ट्यात, मेदनकरवाडीच्या किंवा खराबवाडीच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या घरी सातव्या महिन्यातच बाळ जन्मले, तर त्याला त्या खोलीचा उंबरा दिसेल काय? आमचा सवाल एवढाच आहे.

पोटातले बाळ फुप्फुसाने श्वास घेत नाही. म्हणून फुप्फुसाकडे निघालेले रक्त महारोहिणीत वळवणारी एक छोटी वाट तेव्हा उघडी असते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती पुष्कळदा उघडी राहते. डॉक्टर कागदावर ‘पीडीए’ लिहितात ते हेच. मग रक्त उलटे फुप्फुसात शिरते, व्हेंटिलेटर सुटत नाही, आतड्यांना आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडते. ही वाट शस्त्रक्रियेने बांधण्याचे काम बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ साली प्रथम यशस्वी केले. त्यासाठी बरगड्यांमधून छाती उघडावी लागते. २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अवघ्या ७०० ग्रॅम वजनाच्या, तीन दिवसांच्या बाळालाही चालेल अशा, वाटाण्याहून लहान तारेच्या जाळीच्या बुचाला मान्यता दिली. मांडीच्या शिरेतून नळी, नळीतून बूच, आणि वाट बंद. बूच सरकण्याचा, शेजारची रक्तवाहिनी अडण्याचा धोका असतो, हे लपवायचे कारण नाही.

प्रत्येक बाळाला हे बूच बसवा, असे आम्ही म्हणत नाही. अनेकांची वाट औषधाने मिटते, अनेकांची नुसते थांबल्यानेही मिटते. घाईने उपचार करून फायदा होतोच असे नाही, हे अलीकडच्या परदेशी चाचण्यांत दिसले आहे. पण थांबायचे की बूच बसवायचे, हे ठरवायला आधी इको लागतो आणि तो वाचणारा तज्ज्ञ लागतो. पैसेवाल्याच्या बाळाचा निर्णय तज्ज्ञ घेतो. आमच्या बाळाचा निर्णय कोण घेते? चाकणहून पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयापर्यंत वीसेक किलोमीटर. वाटेत तळेगाव चौकातली कोंडी. बाळ ऊब न देणाऱ्या गाडीत, आई मागे, बाप ठेकेदाराकडे सुट्टी मागतोय. रेशनकार्ड बीडला नाहीतर वाशिमला, म्हाताऱ्याच्या ट्रंकेत!

कागदावर योजनांची वाण नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कवच २०२३ च्या शासन निर्णयाने सर्व रेशनकार्डधारकांना पाच लाखांपर्यंत दिले. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचा उपचार आणि वाहतूक मोफत, हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सांगतो. आणि बिहार-झारखंडहून आलेल्या भावाकडे तर महाराष्ट्राचे कार्डच नसते. त्याच्या बाळाचे हृदय काय वेगळे असते?

बाळ अपुऱ्या दिवसांचे का जन्मते, हेही विचारायला हवे. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळे अशी जन्मली, जगातल्या दर पाचांतले एक. कारणे अनेक आहेत. पण लाईनवर पाळीपाळीने उभी राहणारी गरोदर बाई कोणत्या जातीवर्गाची असते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी मातृत्व लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना सांगितले, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. त्याच्या दोनच वर्षे आधी त्यांच्या राजरत्नचे निधन झाले होते. बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरे गेली. हे बोलणारा माणूस पुस्तकातून बोलत नव्हता. आज मातृत्व रजा २६ आठवड्यांची आहे, पण अट आहे बारा महिन्यांत ८० दिवस त्याच मालकाकडे कामाची. ठेकेदार नाव बदलतो, दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात, आणि बाई आठवा महिना लागला तरी लाईनवर.

महापालिकेकडे आमचे मागणे साधे आहे. चव्हाण रुग्णालय ७५० खाटांचे आहे. अपुऱ्या दिवसांची किती बाळे दाखल झाली, किती बाळांचा इको पहिल्या आठवड्यात झाला, किती बाळांना कॅथलॅबकडे पाठवले आणि त्यांतली किती पोहोचली, हे चार आकडे दर महिन्याच्या पाच तारखेला दारावर लावा. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात बाळाला ऊब देणारी पेटी असलेली एक रुग्णवाहिका उभी करा. ते चार आकडे आम्ही याच जागी दर महिन्याला छापू.