दगडू आणि नकुशा

हल्ली बारसं जवळ आलं की घरोघर नावांची शोधाशोध सुरू होते. कुणाचंच नसलेलं, अगदी वेगळं नाव हवं असतं. पण मैत्रिणींनो, वेगळी नावं काही आजची नाहीत, बरं का! आपल्या आजे-पणज्यांची नावं आठवा. दगडू, धोंडू, केरबा, कोंडिबा, भिकाजी. मुलं ती ऐकून हसतात. पण त्या नावांमागे माया असे.

पूर्वी मुलं जगायची खात्री नसे. एकापाठोपाठ एक दगावली की नव्या बाळाला दृष्ट लागू नये, यमानंही त्याच्याकडे ढुंकून पाहू नये, म्हणून मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं. केरात क्षणभर ठेवून उचललं तो केरबा. मूठभर कोंड्याच्या बदल्यात दुसरीकडून ‘विकत’ घेतला तो कोंडिबा. भीक मागून मिळवला तो भिकाजी. दगड-धोंड्याला काय होणार, म्हणून दगडू नि धोंडू. स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या महर्षी कर्व्यांचं नाव धोंडोच, आणि ते चांगले १०४ वर्षं जगले!

आता मुलींचं नाव घ्या. नकुशा, म्हणजे नकोशी. दिसायला तसलंच नाव, पण अर्थ अगदी उलटा. दगडू नाव ठेवायचं ते मूल राहावं म्हणून. नकुशा ठेवायचं ते पुढची मुलगी होऊ नये म्हणून! तिसरी-चौथी मुलगी झाली की देवाला ‘आता पुरे’ असं सांगायचं, आणि ते पोरीच्या कपाळी कायमचं चिकटवायचं. शाळेत रोज हजेरीला ‘नकोशी’ अशी हाक आली की त्या लेकरानं ‘हजर’ म्हणायचं. कसं वाटत असेल तिला?

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभानं नवी नावं मिळाली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. २००१ साली होत्या ९१३. म्हणजे नाव बदललं, तरी मन बदलायचं राहिलंच होतं.

म्हणून नाव वेगळं शोधा, हौसेनं शोधा. पण अर्थ आधी पाहा. मोठेपणी लेकीनं ‘माझं नाव असं का?’ विचारलं, तर सांगताना मान खाली जाता कामा नये. जन्मनोंदीत नाव बारा महिन्यांच्या आत घातलं तर त्याला फी पडत नाही, तेव्हा आळस नको. शाळेच्या दाखल्यावर एकदा चढलं की बदलायला राजपत्रापर्यंत धावाधाव करावी लागते.

आणि तुमच्या आळीत, कामवालीच्या घरी एखादी नकुशा असेल, तर तिलाच विचारा, ‘तुला कोणतं नाव आवडतं गं?’ ती सांगेल त्या नावानं आजपासूनच हाक मारा. कागदपत्रं होतील सावकाश.