दुसऱ्या खेपेचे परीक्षक

बीबीसी रेडिओ २ ही ब्रिटनमधली सर्वाधिक ऐकली जाणारी नभोवाणी. २०१३ साली तिनं आपल्या श्रोत्यांना त्यांचा सर्वांत आवडता अल्बम निवडायला सांगितलं. कौल आला तो ना बीटल्सच्या बाजूनं, ना पिंक फ्लॉइडच्या. पहिल्या क्रमांकावर होता कोल्डप्लेचा ‘अ रश ऑफ ब्लड टू द हेड’. दुसऱ्या जागी कीनचा ‘होप्स अँड फिअर्स’, तिसऱ्या जागी ड्युरान ड्युरानचा ‘रिओ’. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आणि ‘सार्जंट पेपर’ यांना या तिघांच्या मागे उभं राहावं लागलं. समीक्षकांनी कपाळावर हात मारावा असाच हा निकाल.

अशा कौलांची वासलात लावण्याची एक ठरलेली रीत आहे. रेडिओ २ ऐकणारे लोक मध्यमवयीन, त्यांची चव मध्यम, गाडी चालवताना कानावर पडलं ते त्यांना आवडलं. एवढं म्हटलं की काम संपतं. पण या यादीतली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कोल्डप्लेचा हा अल्बम २००२ सालचा, ड्युरान ड्युरानचा ‘रिओ’ १९८२ सालचा. दोन्हींमध्ये वीस वर्षांचं अंतर, संगीताचा बाज पूर्ण वेगळा, केशरचना तर विचारायलाच नको. साम्य एकच: दोन्ही त्या त्या बँडचे दुसरे अल्बम आहेत.

एका यादीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरं. तरीही पॉप-रॉकच्या दुनियेत श्रोत्यांचं सर्वांत भरवशाचं मत दुसऱ्या अल्बमवरचंच असतं, असं मानायला चांगली कारणं आहेत. पहिला अल्बम लोक कुतूहलापोटी घेतात. नव्याचे नऊ दिवस त्याच्या वाट्याला येतात. तिसऱ्या-चौथ्या अल्बमपर्यंत बँड आवडीचा झालेला असतो, त्यामुळे निष्ठेपोटी खरेदी होते. दुसऱ्याच्या पाठीशी यातलं काहीच नसतं. कुतूहल ओसरलेलं असतं आणि निष्ठा अजून रुजायची असते. शिवाय पहिल्या अल्बमची गाणी लिहायला सगळं तारुण्य मिळालेलं असतं. दुसऱ्याची लिहायला दौऱ्यांमधून उरलेले काही महिने. त्या अवस्थेत जे गाणं टिकतं ते गाण्याच्याच बळावर.

मँचेस्टरच्या स्टोन रोझेस या बँडचं उदाहरण घ्या. १९८९ च्या पहिल्या अल्बमनं त्यांना एका पिढीचा आवाज बनवलं. मग रेकॉर्ड कंपनीशी कोर्टकज्जे झाले, नवी कंपनी आली, आणि दुसरा अल्बम ‘सेकंड कमिंग’ दुकानात पोहोचेपर्यंत १९९४ चा डिसेंबर उजाडला. मधल्या साडेपाच वर्षांत ब्लर आणि ओएसिस येऊन स्थिरावले होते. पहिल्या आठवड्यांत विक्री बरी झाली, पण ती जुन्या पुण्याईची होती. श्रोते ज्या चमकत्या, हलक्या पायाच्या संगीताची वाट पाहत होते त्याऐवजी त्यांना जड गिटारचं ब्लूज मिळालं. लोकांचा उत्साह मावळत गेला, वादक एकेक करून बाहेर पडले आणि १९९६ मध्ये बँडच संपला.

ओएसिसची कहाणी नेमकी उलटी. त्यांचा दुसरा अल्बम ‘(व्हॉट्स द स्टोरी) मॉर्निंग ग्लोरी?’ १९९५ च्या ऑक्टोबरात आला तेव्हा अनेक समीक्षकांनी नाकं मुरडली. श्रोत्यांनी मात्र तो डोक्यावर घेतला. पुढच्या ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या मैदानावर दोन रात्रींत अडीच लाख लोक जमले. तिकिटांसाठी अर्ज केलेल्यांची संख्या त्याच्या दहा पटीच्या घरात होती. खरी गंमत त्यानंतरची. एकदा हात पोळलेल्या समीक्षकांनी १९९७ च्या ‘बी हिअर नाऊ’ या तिसऱ्या अल्बमवर स्तुतीचा पाऊस पाडला, आणि ब्रिटनमध्ये तोवरच्या सर्वांत वेगवान विक्रीचा विक्रम त्यानं केला. थोड्याच काळात सगळ्यांच्याच लक्षात आलं की गाणी लांबलचक आहेत आणि गिटारचे थर गरजेपेक्षा कितीतरी जास्त. खुद्द गाणी लिहिणाऱ्या नोएल गॅलघरनं पुढे त्या अल्बमला नावं ठेवली. दुसऱ्या अल्बमवर श्रोते बरोबर निघाले होते. तिसऱ्यावर श्रोते आणि समीक्षक दोघेही वाहवत गेले, कारण तोवर निष्ठा जडली होती.

कोल्डप्लेची परीक्षा याहून अवघड होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जमलेली ही चार मुलं: गायक ख्रिस मार्टिन, जॉनी बकलंड, गाय बेरीमन आणि विल चँपियन. २००० साली ‘पॅराशूट्स’ आणि त्यातलं ‘यलो’ गाजलं, तेव्हा त्यांच्यावरचा मुख्य आरोप संगीताचा नव्हता, स्वभावाचा होता. ना हाणामारी, ना हॉटेलच्या खोल्यांची नासधूस. ओएसिसला पुढे आणणाऱ्या ॲलन मॅकगीनं तर हे अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांचं संगीत असल्याची जाहीर टवाळी केली. असा बँड एकाच हिट गाण्याचा धनी ठरून विसरला जाणार, ही अपेक्षा वावगी नव्हती.

दुसऱ्या अल्बमची तयारी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांच्या सावटाखाली सुरू झाली. ‘पोलिटिक’ हे त्यातलं सुरुवातीचं गाणं त्याच दिवसांतलं. काम लंडनमध्ये सुरू झालं आणि मग केन नेल्सन या निर्मात्याबरोबर बँडनं लिव्हरपूलच्या पार स्ट्रीट स्टुडिओत मुक्काम हलवला. मनासारखं जमत नाही म्हणून प्रकाशनाची ठरलेली तारीखही पुढे ढकलली. दरम्यान जून २००२ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात मुख्य कार्यक्रमाचा मान त्यांना मिळाला, तेव्हा त्यांच्या नावावर एकच अल्बम होता. दुकानात यायची असलेली गाणी त्यांनी तिथे थेट गर्दीसमोर ठेवली. अल्बम आला २६ ऑगस्टला. ११ गाणी, साधारण ५४ मिनिटं.

त्यातल्या ‘क्लॉक्स’कडे जरा कान देऊन पाहण्यासारखं आहे. पियानोवर वरून खाली उतरणारी एक सुरावट अखंड फिरत राहते. आठ मात्रांचं आवर्तन, पण स्वरांचे गट तीन-तीन-दोन असे पडतात; त्यामुळे ठेका सरळ असूनही सूर सतत पुढे घसरल्यासारखा वाटतो. पहिला स्वर षड्ज मानला तर दुसऱ्या संगतीत कोमल निषाद येतो आणि गाण्याला ना पुरता आनंद, ना पुरतं दुःख असा रंग चढतो. मुख्य संगती फक्त तीन. हे गाणं आधी पुढच्या अल्बमसाठी बाजूला ठेवलं होतं. बँडचा मित्र आणि व्यवस्थापक फिल हार्वी यानं आग्रह धरला म्हणून ते याच अल्बममध्ये आलं. २००४ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चा सन्मान मिळाला. ‘द सायंटिस्ट’ याच्या अगदी उलट वळणाचं: थांबत थांबत जाणारा पियानो आणि माफी मागणारा आवाज. जॉर्ज हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ ऐकताना ते सुचल्याचं मार्टिननं सांगितलं आहे. उलट्या क्रमानं चालणाऱ्या त्याच्या चित्रफितीसाठी त्याला गाण्याचे शब्द उलटे उच्चारायला शिकावं लागलं.

आता आक्षेप. मार्टिनचे शब्द धूसर आहेत, कोण कुणाला काय म्हणतंय याचा पत्ता लागत नाही. रेडिओहेडची हुरहुर घेतली पण तिची धार टाकली, यू टूची भव्यता घेतली पण तिचं राजकारण टाकलं. न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक जॉन पॅरेलिस यांनी २००५ मध्ये कोल्डप्लेला दशकातला सर्वांत असह्य बँड ठरवलं. त्याच वर्षीच्या ‘द फॉर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन’ या हॉलिवूडपटात कोल्डप्ले आवडणं हाच एक विनोद होता.

त्याआधी २००३ मध्ये मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत हा अल्बम होता. परीक्षकांनी निवड केली ती १८ वर्षांच्या डिझी रास्कलच्या ‘बॉय इन द कॉर्नर’ची. तो निर्णय योग्यच होता. पूर्व लंडनच्या सरकारी वसाहतींमधून आलेला तो खडबडीत, अस्वस्थ आवाज ब्रिटिश संगीतात त्याआधी कुणी असा ऐकला नव्हता. कोल्डप्लेनं नवं असं काही शोधलं नव्हतं. पण परीक्षकांसमोर प्रश्न होता नवं काय आहे हा, आणि २०१३ मध्ये श्रोत्यांना विचारलेला प्रश्न होता जवळचं काय आहे हा. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. गडबड होते ती एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यासाठी वापरल्यावर.

शब्दांच्या धूसरपणाबद्दलही श्रोत्यांची बाजू ऐकून घ्यायला हवी. ‘द सायंटिस्ट’मध्ये नातं कुणाचं, चूक कुणाची, हे उघड होत नाही म्हणून तर वयाच्या सत्तरीपुढच्या कंट्री गायक विली नेल्सनच्या तोंडी ते २०११ मध्ये शोभून दिसलं. त्यानं ते गायलं होतं एका अमेरिकी खाद्यसाखळीच्या जाहिरातपटासाठी, ज्याचा विषय होता यांत्रिक शेतीकडून जुन्या शेतीकडे परतणं. प्रेमभंगाचं गाणं शेतकऱ्याचं झालं आणि एकही शब्द खटकला नाही. समीक्षक ज्याला उणीव म्हणतात त्या रिकाम्या जागेतच ऐकणारा आपलं बिऱ्हाड मांडतो.

श्रोत्यांमध्ये या अल्बमबद्दल एकमत आहे असं मात्र कुणी समजू नये. कोल्डप्लेच्या जुन्या चाहत्यांना विचारलं तर एक गट ‘पॅराशूट्स’चा खासगी, खोलीतल्या खोलीतला सूर इथे हरवला म्हणतो. दुसऱ्याच्या मते पहिली पाच गाणी इतकी चढी आहेत की ‘डेलाइट’पासून अल्बम उतरणीला लागतो. तिसऱ्याला शेवटचं ‘ॲम्स्टरडॅम’ सर्वांत प्रिय असतं आणि ‘क्लॉक्स’ जाहिराती-मालिकांनी झिजवलं म्हणून तो हळहळतो. ही भांडणं गाण्यांच्या क्रमापर्यंत, ढोलाच्या एखाद्या आघातापर्यंत जातात. ‘असह्य’ या एका विशेषणापेक्षा त्यांत अल्बमबद्दल जास्त माहिती असते.

त्यात काळही आपलं काम करतो. रोलिंग स्टोन मासिकाच्या सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमच्या यादीत २००३ मध्ये याचा क्रमांक ४७३ होता; २०१२ मध्ये तो ४६६ झाला आणि २०२० मध्ये ३२४. उलट २००५ चा तिसरा अल्बम ‘एक्स अँड वाय’ त्या वर्षी जगात सर्वाधिक खपला. निष्ठा तोवर कामाला लागली होती. तरीही आठ वर्षांनी रेडिओ २ च्या श्रोत्यांनी पहिल्या जागी बसवला तो दुसराच.

कौलाच्या मर्यादाही उघड आहेत. २००२ मध्ये पंचविशीत असलेला माणूस २०१३ मध्ये छत्तिशीत होता. तो स्वतःच्या तारुण्यालाही मत देत होता. पहिल्या तिन्ही जागांवर गोऱ्या ब्रिटिश पुरुषांचे बँड यावेत, यातून त्या नभोवाणीचा श्रोता कोण हेही कळतं. डिझी रास्कल ऐकत वाढलेल्या पोरापर्यंत हा प्रश्न क्वचितच पोहोचला असेल. म्हणून श्रोत्यांचा कौल श्रेष्ठतेचा दाखला ठरत नाही. कुठलं संगीत कुणाच्या आयुष्यात किती काळ मुक्कामाला राहिलं, याची मात्र ती साक्ष आहे.

आपल्याकडे हे जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. आधीच्या सप्टेंबरात तिकीटविक्री सुरू होताच संकेतस्थळ कोलमडलं, लाखो लोक ऑनलाइन रांगेत अडकले आणि काळ्या बाजाराचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. त्या स्टेडियममधल्या कितीतरी मुलामुलींचा जन्मच ‘अ रश ऑफ ब्लड’नंतरचा. त्यांच्यासाठी हा बँडचा दुसरा अल्बम नाहीच. मोबाइलवरच्या यादीत तो कुठल्याही क्रमानं येतो, ‘यलो’च्या शेजारी ‘हिम फॉर द वीकेंड’, आणि मग ‘क्लॉक्स’. अल्बमचा क्रम पुसला जात असेल, तर दुसऱ्या खेपेची परीक्षाही पुसली जाणार. कुतूहल कुठे संपलं आणि निष्ठा कुठे सुरू झाली, हे सांगणारी खूण मग उरणार नाही.

त्यावर उपाय एकच दिसतो, मत पुन्हा मागण्याचा. पिचफोर्क या अमेरिकी संगीत-प्रकाशनानं २०२१ मध्ये स्वतःच्या काही जुन्या परीक्षणांचे गुण उघडपणे बदलले. त्यावर टीका झाली, तरी पायंडा चांगला होता. वृत्तपत्रांनी अल्बमचं परीक्षण प्रकाशनाच्या सकाळी जरूर छापावं, पण दहा वर्षांनी तेच काम पुन्हा करावं आणि या वेळी शेजारी श्रोत्यांनाही जागा द्यावी. कोल्डप्लेचा दहावा अल्बम ‘मून म्युझिक’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि बारा अल्बम झाले की थांबायचं असं मार्टिननं सांगून ठेवलं आहे. ‘मून म्युझिक’बद्दल तेव्हा मत देऊन मोकळे झालेल्यांना २०३४ मध्ये ते पुन्हा विचारायला हरकत नाही.