उंबरठ्यावरची बाटली

व्यापारी आपल्या दुकानाला चळवळ म्हणू लागला की गिऱ्हाइकाने आधी आपला खिसा चाचपून पाहावा. स्वीडनमध्ये ऑनलाइन वाईन विकणाऱ्या मंडळींनी गेली काही वर्षे असाच झेंडा खांद्यावर घेतला आहे. आम्ही बाटल्या विकत नाही, सरकारी मक्तेदारीच्या जोखडातून नागरिकाला सोडवतो, असा त्यांचा आविर्भाव असतो. अहो, खुशाल सोडवा! पण मग सोडवण्याची मजुरी दर खोक्यामागे का घेता?

लाडू-करंज्यांच्या ताटाशेजारी वाचल्या जाणाऱ्या अंकात हा दारूचा विषय कशाला, असे एखादी वाचकभगिनी विचारील. विषय दारूचा खरा. परंतु वाद आहे तो उंबरठ्याचा. दारू विकणाऱ्याने घराच्या दारापर्यंत यावे, की पिणाऱ्याने तिच्यासाठी घराबाहेर पाऊल टाकावे, एवढाच त्याचा गाभा आहे. आणि असा प्रश्न घरात बसूनच वाचलेला बरा.

माझ्यापुढे तो आला एका पत्रातून. माझ्या हातून गेलेला एक हुशार विद्यार्थी आज गोथेनबर्ग शहरात असतो. संगणकाच्या नोकरीवर गेला, तिथेच रमला. आता दोन स्वीडिश मित्रांना घेऊन त्याला हा धंदा काढायचा आहे. कंपनी डेन्मार्कची, गोदाम डेन्मार्कात, गिऱ्हाईक मात्र स्वीडनचे. "सर, या काळात सरकारने वाईनचे दुकान चालवावे हे हास्यास्पद नाही का? तुम्ही लेखक, तुम्ही तरी स्वातंत्र्याच्या बाजूने बोला," असे तो लिहितो. त्याच्या अनुमतीने हे उत्तर मी सर्वांसमक्ष देत आहे. वर्गात तो हात वर करून वाद घालीत असे. तेव्हा त्याला वाईट वाटणार नाही.

प्रथम ते 'हास्यास्पद' दुकान कसे आहे ते पाहू. स्वीडनमध्ये साडेतीन टक्क्यांपर्यंतची बिअर तेवढी किराणा दुकानात मिळते. त्याहून कडक बिअर, वाईन, ब्रँडी, व्हिस्की हे सारे घरी नेण्यासाठी विकण्याचा हक्क सिस्टेमबोलागेट नावाच्या एकाच सरकारी कंपनीला आहे. तिची दुकाने साडेचारशेच्या आसपास. रविवारी बंद, शनिवारी दुपारीच कुलूप. दक्षिणेच्या माल्मोत जी किंमत तीच उत्तर टोकाच्या किरुनात. सूट नाही, सेल नाही, 'दोन घ्या, तिसरी फुकट' नाही. वीस वर्षांखालच्याला विक्री नाही, आणि पंचविशीच्या आतला दिसला तर ओळखपत्र मागायचे असा दंडक. गल्ल्यावरच्या माणसाने तीन गोष्टी पाहायच्या : वय किती, हा आधीच प्यालेला आहे का, आणि हा दुसऱ्या कुणा पोरासाठी तर घेत नाही ना. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले तरी मालकाला दुःख होत नाही असे दुकान जगात विरळा!

हे दुकान कुणा मंत्र्याच्या लहरीतून निघालेले नाही. माझा विद्यार्थी ज्या गोथेनबर्गमध्ये बसून मला पत्र लिहितो, त्याच गावाने १८६५ साली दारूच्या गुत्त्यांचे परवाने एका कंपनीकडे सोपवले. अट अशी की भागीदारांना ठरावीक व्याजापलीकडे काही मिळू नये आणि उरलेला नफा गावाच्या कामी लागावा. गुत्त्याच्या व्यवस्थापकाला जेवण विकून फायदा होई, दारू विकून होत नसे. केवढा शहाणा विचार! दारू पिणे पाप आहे असे त्या गावाने म्हटले नाही. माणूस पिणार हे त्याने गृहीत धरले; त्याला आणखी पाजण्यात कुणाचा लाभ असू नये, एवढेच पाहिले. पुढे साऱ्या देशाने हेच सूत्र उचलले. गोथेनबर्गच्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या माझ्या शिष्याने ते वाचलेले दिसत नाही.

आता त्याच्या पत्रातला खरा मुद्दा मी खाली पडू देत नाही. सरकारच्या हाती बाटली गेली म्हणजे सरकारच्या हाती छडीही जाते, असे तो म्हणतो, आणि स्वीडनच्या इतिहासात याचा पुरावा आहे. इव्हान ब्रात नावाच्या डॉक्टरने पहिल्या महायुद्धाच्या काळात घडवलेली शिधापुस्तिकेची पद्धत तिथे १९५५ पर्यंत चालली. मोटबोक हे त्या पुस्तिकेचे नाव. कुणाला महिन्याला किती कडक दारू मिळावी हे कचेरीतला माणूस ठरवी. श्रीमंताला अधिक, मजुराला कमी. बेकाराला पुस्तिका नाकारली जाई. आणि लग्न झालेल्या बाईला पुस्तिकाच नव्हती, कारण तिच्या नवऱ्याला होती! दारूड्या नवऱ्याला तीन लिटर आणि त्याचा संसार ओढणाऱ्या बायकोला शून्य, हा न्याय कुठला? १ ऑक्टोबर १९५५ रोजी ती पुस्तिका फाडली गेली ते उत्तम झाले. त्याच वर्षी गावोगावच्या कंपन्या एकत्र करून आजचे सरकारी दुकान उभे राहिले. तेही काही धुतल्या तांदळासारखे नाही. २००३ च्या सुमारास पुरवठादारांकडून लाच घेण्याचे मोठे प्रकरण तिथे उघडकीस आले आणि अनेक दुकानांचे व्यवस्थापक कोर्टात उभे राहिले.

हे सारे मान्य करूनही मी विचारतो : पुस्तिका फाडण्यासाठी लढले ते एक, आणि आज खोकी पाठवतात ते दुसरे, पहिल्यांचे पुण्य दुसऱ्यांच्या खात्यावर कोणी जमा केले?

युक्ती कशी आहे पाहा. स्वीडन १९९५ च्या १ जानेवारीला युरोपीय संघात शिरला. हॅरी फ्रान्झेन नावाच्या किराणा दुकानदाराने जाणूनबुजून आपल्या दुकानात वाईन विकून खटला ओढवून घेतला. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १९९७ साली निकाल दिला की किरकोळ विक्रीची ही मक्तेदारी संघाच्या करारात बसते. या फ्रान्झेनविषयी मला आदर आहे. त्याने उघड्या दुकानात, आपल्या नावाने, शिक्षेची तयारी ठेवून वाईन विकली. मग आला २००७ चा निकाल. काही स्वीडिश नागरिकांनी स्पेनहून मागवलेली वाईन जकातीवर अडवली गेली होती; न्यायालय म्हणाले, स्वतःसाठी परदेशातून मागवण्यावर अशी सरसकट बंदी घालता येणार नाही. हेही समजण्यासारखे आहे. स्पेनमधल्या कुणा मळेवाल्याची वाईन एखाद्या शौकिनाला हवी असेल तर सरकारने त्याचा हात का धरावा?

परंतु याच दारातून पुढे कोण शिरले? गिऱ्हाईक स्वीडनचे, संकेतस्थळाची भाषा स्वीडिश, किंमत क्रोनात. फक्त कंपनीची पाटी आणि बाटल्यांची रास ओरेसुंड पुलाच्या पलीकडे. म्हणजे कायद्याच्या लेखी विक्री डेन्मार्कात झाली! सरकारी दुकानाने वाईनफाइंडर या डॅनिश कंपनीवर दावा लावला, आणि ७ जुलै २०२३ रोजी स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मी न्यायाधीशांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे जो कायदा होता तो त्यांनी वाचला. कंपनीनेही कायदा मोडला नाही. माझे भांडण आहे ते याला स्वातंत्र्यलढा म्हणण्याशी. एकादशीला भगर आणि साबुदाणा चालतो म्हणून परातभर खाणाऱ्याला आपण 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असे म्हणतो. त्याला कुणी धर्मसुधारक म्हणत नाही.

माझा शिष्य म्हणतो, आम्ही स्वीडनचा मद्यकर पुरेपूर भरणार. भरलाच पाहिजे, कायद्याने तो चुकत नाही. त्याचे कौतुक काय करायचे? आणखी म्हणतो, आम्ही लहान मळेवाल्यांची दुर्मिळ वाईन आणू. परंतु सरकारी दुकानाच्या यादीत नसलेली वाईनही मागणी नोंदवून त्या दुकानामार्फत आणवता येते. वेळ लागतो, हे खरे. वेळ लागणे हा जर जुलूम असेल तर माझ्या शाळेतील प्रत्येक तासिका जुलूमच म्हणायची!

खरी गोम वेगळी आहे. उद्या स्वीडनच्या सरकारने मक्तेदारी मोडीत काढली तर काय होईल? परवा सकाळी तिथल्या मोठमोठ्या किराणा साखळ्या वाईनच्या बाटल्या दुधाच्या कपाटाशेजारी मांडतील, आणि माझ्या शिष्याची डॅनिश पाटी आठ दिवसांत उतरेल. त्याचा धंदा चालणार तो मक्तेदारी आहे म्हणून. शनिवारी दुपारी सरकारी दुकानाला कुलूप लागते, म्हणून याच्या पडद्यावरच्या दुकानाची किंमत. गिऱ्हाइकाला निरनिराळ्या वाईनची चव लागली तीही सरकारने लावली. कडक दारूवरून लोकांना वाईनकडे वळवावे म्हणून १९५७ साली त्याच सरकारी दुकानाने मोहीम काढली होती. म्हणजे झाड सरकारचे, खत सरकारचे आणि वर चढून झाडालाच शिव्या देणारे हे बांडगूळ! रानातले बांडगूळ निदान मुकाट्याने रस पिते.

सरकारी दुकानालाही मी मोकळे सोडणार नाही. तेही अलीकडे संकेतस्थळावर मागणी घेते आणि बाटल्या घरी पोचवते. स्पर्धेच्या भयाने असेल, काळाबरोबर राहण्याच्या हौसेने असेल. परंतु ज्या दिवशी त्याने बाटली घराकडे धाडली त्याच दिवशी आपल्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण त्याने आपल्या हाताने टाकून दिले. गल्ल्यावर उभा राहून तीन गोष्टी पाहणारा माणूस हाच तर त्या दुकानाचा आत्मा होता.

मद्य पिणाऱ्याच्या हक्कावर माझ्या शिष्याने पाऊण पान लिहिले आहे. घरातल्या इतरांवर एक ओळही नाही. स्वीडनमध्ये १९२२ च्या ऑगस्टमध्ये दारूबंदीवर सार्वमत झाले. आल्बर्ट एंग्स्ट्रॉम या चित्रकाराचे भित्तिपत्रक गाजले : ताटात लाल खेकड्यांसारखे क्रेफिश, शेजारी मद्याची बाटली आणि बोटाने इशारा देणारा एक करारी पुरुष, बंदी आली तर ऑगस्टच्या मेजवानीतली ही मजा गेली, असा त्याचा रोख. बंदी अगदी थोडक्या मतांनी हरली. एक्कावन्न टक्के विरुद्ध, एकोणपन्नास बाजूने. मते स्त्री-पुरुष अशी वेगळी मोजली होती. पुरुषांतील बहुसंख्य बंदीच्या विरुद्ध होते आणि बायकांतील बहुसंख्य बंदीच्या बाजूने. चित्रातल्या मेजवानीची ताटे नंतर कोण घाशी, हे त्या आकड्यांवरून समजते.

आपल्या वाचकांना हे नवे वाटू नये. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी 'उभी बाटली की आडवी बाटली' असे मतदान होते, आणि गावातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकानाला टाळे लागते. परंतु आडवी करायला बाटली कुठेतरी उभी असावी लागते! चावडीजवळच्या दुकानावर मोर्चा नेता येतो. पुलापलीकडच्या गोदामावर, मोबाईलच्या पडद्यावरच्या दुकानावर कोणत्या गावच्या बायांनी मोर्चा न्यावा? २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीचे निमित्त सांगून आपल्या राज्यानेही घरपोच दारूला परवानगी दिलीच होती. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तोही शेतकऱ्याच्या कल्याणाची ढाल पुढे करून. विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. द्राक्षे पिकवणाऱ्याचे नाव घेऊन बाटली विकणाऱ्याचे काम करायचे, ही कला नाशिकपासून कोपनहेगनपर्यंत सारखीच आहे.

शेतकऱ्याची कळकळ खरी असेल तर तिला वाट आहे. स्वीडनमध्येही दक्षिण भागात द्राक्षमळे आहेत, आणि मळेवाल्याला मळा पाहायला आलेल्या पाहुण्यास एक बाटली विकण्याची कित्येक वर्षे मुभा नव्हती. ते खरोखरच हास्यास्पद होते. १ जून २०२५ पासून तेथील कायद्याने लहान उत्पादकाला मर्यादित विक्रीची सवलत दिली : पाहुण्याने पैसे भरून मळा पाहायचा, माहिती ऐकायची आणि ठरलेल्या मापाइतकीच वाईन घेऊन जायची. तिथे पिकवणारा आणि पिणारा समोरासमोर उभे असतात. यात मला काडीचा आक्षेप नाही. उलट माझ्या शिष्याने पैसे गुंतवायचे तर अशा मळ्यात गुंतवावेत.

त्याला मी तीन प्रश्न पाठवले होते. संध्याकाळी सातला तिसऱ्या मजल्यावर खोके घेऊन गेलेल्या तुझ्या माणसासाठी सोळा वर्षांच्या मुलाने दार उघडले आणि 'बाबा न्हाणीघरात आहेत' असे सांगितले, तर तो काय करील? दार उघडणाराच झोकांड्या खात असेल, तर खोके परत नेण्याचे धैर्य त्याला कोण देईल? आणि त्या माणसाला पगार कसा मिळतो? पहिल्या दोन प्रश्नांना त्याने कायद्याची कलमे पाठवली : वय वीस पाहिजे, प्यालेल्याला देऊ नये, सारे अगदी बिनचूक. तिसऱ्याचे उत्तर एका ओळीचे आले. "सर, पोचवणारी कंपनी वेगळी आहे, तिच्या माणसांना खोके पोचले तरच पैसे मिळतात."