‘ध’ चा ‘मा’ : एका पाठभेदाचे राजकारण

ऐतिहासिक कादंबरी आणि नाटक यांच्या चर्चेत रहस्यकथेचा रूपबंध हा केवळ तंत्राचा भाग मानला जातो. वाचकाची उत्कंठा टिकविण्यापलीकडे त्याला स्वतःचा आशय असू शकतो, याची दखल मराठी समीक्षा क्वचितच घेते. ही उपेक्षा किती महागात पडते, हे नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या कथेवरून दिसते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा वध केला. पेशवेपद मिळून त्यांना पुरते वर्षही झाले नव्हते. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते आणि गारद्यांचा पगार थकला होता. पुतण्याने चुलत्याच्याच आश्रयाला धाव घेतली, पण तो वाचला नाही. एवढा तपशील सत्तेच्या रचनेविषयी पुष्कळ सांगतो. लोकस्मृतीने मात्र त्यातून एकच गोष्ट उचलली : आनंदीबाईंनी पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ केले.

ही कथा मुळातच एक पाठचिकित्सा आहे, याकडे समीक्षकांचे लक्ष गेलेले नाही. तिच्यात एक मूळ संहिता आहे, एक प्रक्षेप आहे आणि लेखकाचा एक निर्दोष हेतूही आहे. रघुनाथरावांनी केवळ पकडण्याचा हुकूम दिला, अनर्थ झाला तो अक्षर बदलल्यामुळे, असे ती सांगते. ज्या पत्रावर हा सारा डोलारा उभा आहे, ते मूळ पत्र अभ्यासकांसमोर नाही. तरीही पाठभेदाचा निर्णय झाला आहे आणि प्रक्षेपकर्तीचे नावही ठरले आहे. संहिता नसताना केलेली ही पाठचिकित्सा दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाच्या बाबतीत विद्यापीठीय अभ्यासकाने क्षणभर तरी मान्य केली असती काय?

रहस्यकथेला अखेरीस एक गुन्हेगार लागतो. तो सापडला की भोवतालची व्यवस्था निर्दोष ठरते. येथे तो स्त्रीच्या रूपात सापडतो आणि मग तिघे सुटतात : हुकूम देणारा चुलता, वेतन थकविणारा दरबार आणि भाडोत्री शस्त्रावर विसंबलेली राज्यव्यवस्था. लेखणी हाती घेणारी स्त्री म्हणजे कारस्थान, हे समीकरणही कथेबरोबर फुकट मिळते. ‘धरावे’ हे जणू निरुपद्रवी क्रियापद होते, असे गृहीत धरल्याशिवाय ही मांडणी उभी राहत नाही. सत्तेवरील पेशव्याला सशस्त्र गारद्यांकरवी ‘धरणे’ म्हणजे काय, हे कोणी विचारीत नाही.

रामशास्त्री प्रभुणे यांच्या न्यायाची परंपरा याहून कठोर आहे. तिच्यानुसार शास्त्र्यांनी रघुनाथरावांनाच दोषी धरले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. अक्षराच्या फेरफाराने त्यांची जबाबदारी संपली नाही. त्याच रघुनाथरावांनी पुढे १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला. म्हणजे खुनाचा अर्थ त्या दिवशीच्या वाड्यात पूर्ण होत नाही, तो पुढील राजकारणात उलगडतो. उलगडा म्हणजे शेवट, हा रहस्यकथेचा संकेत येथे अपुरा पडतो.

रहस्यकथेचा रूपबंध ऐतिहासिक लेखनाने वापरू नये, असा याचा अर्थ नाही. पण ‘अक्षर कोणी बदलले?’ या प्रश्नावर जी कलाकृती थांबते, ती इतिहासाला कोडे बनविते. ‘हे अक्षर बदलले, ही कथा कोणाला हवी होती?’ असे विचारणारी कलाकृतीच इतिहासाला भिडते. समीक्षेने किमान हा भेद ओळखावा. अन्यथा न सापडलेल्या पत्रावरील फेरफाराला तिचीही साक्ष लागेल.